उजव्या पायाची घाई आणि मागची दोन चाकं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजवर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या चालवल्या, आता मागच्या चाकांवर चालणारी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली आहे. ४५० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना तक्रार नाही. पण पाऊस पडून गेला की चौकातल्या वर्तुळाला वळसा घालून बाहेर पडताना, दुसऱ्या गिअरमध्ये, मागचा भाग एकदम बाजूला सरकतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, इंजिन मेल्यासारखं होतं आणि क्षणात परत उसळतं. यावर तीन उपाय विचारले आहेत: ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनचा जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा, तो पिवळा दिवा तिचाच) बंद करून ‘खरं’ ड्रायव्हिंग शिकावं का, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटताना एकालाच मोकाट फिरू न देणारा गिअर) बसवावा का, की मागे आणखी रुंद टायर घालावेत?

तिन्ही नको. निदान आत्ता तरी नको. वळसा घेताना वेग ताशी पाच किलोमीटरने कमी करा, गिअर तिसरा ठेवा आणि ॲक्सिलरेटर आत्ता दाबता त्याच्या निम्म्या वेगाने दाबा. शेवटची गोष्ट नीट वाचा. निम्मा दाबा असं मी म्हणत नाही, निम्म्या वेगाने दाबा असं म्हणतोय. दाबायचा तेवढा दाबा, पण वेळ घेऊन.

बरीच वर्षं मी ट्रॅकवर शिकणाऱ्यांच्या शेजारच्या सीटवर बसतो. रस्त्याकडे माझं अर्धंच लक्ष असतं. बाकीचं त्यांच्या उजव्या पायाकडे. गाडी मागून सुटणार हे पायावरून अर्धा सेकंद आधी कळतं. टाच उचललेली असते, पाय गुडघ्यापासून हलत असतो आणि पेडलवर पाय टेकत नाही, पडतो. असा पाय तीनशे हॉर्सपॉवरच्या गाडीतही गाडी फिरवतो. शांत पायाचा माणूस सातशेच्या गाडीतून पावसात घरी जातो.

आता हे का होतं ते आकड्यांत बघू, कारण ‘हळू दाबा’ हा सल्ला कारण कळल्याशिवाय पायापर्यंत पोचत नाही.

गाडीचं वजन १५०० किलो धरा, पुढे-मागे निम्मं-निम्मं. दोन ॲक्सलमधलं अंतर २.६ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कोरड्या चांगल्या डांबरावर टायरचा घर्षणांक साधारण १. गाडी उभी असताना मागच्या दोन चाकांवर ७५० किलो आहेत. गाडी वेग घेऊ लागली की वजन मागे सरकतं, मागच्या चाकांवरचा भार वाढतो, म्हणून पकडही वाढते. हे गणित सोडवलं की कोरड्यात मागची चाकं जास्तीत जास्त सुमारे ९३० किलोचा जोर रस्त्यावर उतरवू शकतात. तोच रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.५ वर आला, तर हा आकडा ४६५ व्हायला हवा असं वाटेल. होतो ४१५. कारण गाडी कमी जोराने पुढे जाते, म्हणून मागे सरकणारं वजनही कमी. ओल्यात पकड निम्मी होते असं लोक धरून चालतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला त्याहून जास्त फटका बसतो. पुढच्या चाकांच्या गाडीत उलट असतं. तिथे वजन ओढणाऱ्या चाकांवरून दूर जातं, म्हणून कोरड्यात ती लवकर हरते, पण ओल्यात वजन कमी सरकल्यामुळे तिचं नुकसान निम्म्याहून थोडं कमीच होतं. तुमचा पाय या दुसऱ्या शाळेत शिकलेला आहे.

आता इंजिनची बाजू. ५०० न्यूटन-मीटर, शेवटचा रेशो, म्हणजे मागच्या ॲक्सलवर टॉर्क जितक्या पट वाढतो तो आकडा, ३.५ धरला आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटीमीटर, तर पहिल्या गिअरमध्ये (रेशो ३.५) चाकाशी सुमारे १९०० किलोचा जोर येतो, दुसऱ्यात (२.१) साधारण ११३५, तिसऱ्यात (१.४) ७५७, चौथ्यात (१.०) ५४०. गिअरबॉक्समधली गळती सोडून दिली आहे आणि तुमच्या गाडीचे रेशो थोडे वेगळे असतील, पण चित्र हेच. कोरड्यात ९३० ची मर्यादा पहिल्या गिअरमध्ये दुपटीने ओलांडली जाते, दुसऱ्यात जेमतेम, तिसऱ्यात नाही. म्हणून कोरड्यात तक्रार नाही. ओल्यात मर्यादा ४१५, म्हणजे पूर्ण टॉर्क दिला तर चौथ्या गिअरमध्येसुद्धा चाकं जागेवर फिरू शकतात. हायवेवर चौथ्यात ओव्हरटेक करताना गाडीने शेपूट हलवलं आणि चालकाचा विश्वासच बसला नाही, असे किस्से ऐकू येतात त्यामागे एवढंच गणित आहे.

हे सगळं सरळ रस्त्याचं. तुमची अडचण वळणावर आहे आणि तिथे हिशेब आणखी घट्ट होतो.

टायरकडे पकडीचं एकच भांडवल असतं. त्यातलं किती वळायला खर्च करायचं आणि किती पुढे ढकलायला, हे तुम्ही ठरवता. पण दोन्हीकडे पूर्ण भांडवल मिळत नाही. याला घर्षणवर्तुळ म्हणतात आणि त्याचं गणित पायथागोरसचं आहे. समजा तुमच्या चौकातल्या वर्तुळाची त्रिज्या २० मीटर आहे. ताशी ३५ किलोमीटरने वळसा घेतलात तर बाजूचं बळ ०.४८ जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.४८ पट होतं. ओल्या रस्त्याची एकूण मर्यादा ०.५. म्हणजे ९६ टक्के भांडवल नुसतं वळण्यात गेलं आणि पुढे ढकलण्यासाठी उरली एकूण पकडीच्या २७ टक्क्यांएवढी जागा. आता तोच वळसा ताशी ३० ने घ्या. बाजूचं बळ ०.३५ जी आणि पुढे ढकलायला ७० टक्के मोकळं. वेगात पाच किलोमीटरचा फरक, ॲक्सिलरेटरसाठी उरलेल्या जागेत अडीचपट. मागचा भाग बाहेर पडताना सरकतो म्हणून सगळे बाहेर पडण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतात, पण खर्च आत शिरतानाच झालेला असतो.

त्यात दुसऱ्या गिअरचा वाटा वेगळा आहे. वर धरलेल्या रेशोंनुसार ताशी ३५ वर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण २१०० आरपीएमवर असतं. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा व्हायची नेमकी हीच वेळ. तुम्ही पाय थोडा दाबता, काही होत नाही, म्हणून आणखी दाबता आणि तेवढ्यात मघाशी मागितलेला टॉर्क आत्ता येऊन धडकतो, वर नव्याने मागितलेलाही. तिसऱ्यात तेच इंजिन १४०० च्या आसपास असतं. टर्बो झोपलेला, वर गुणकही कमी. गाडी थोडी सुस्त वाटेल. वाटू द्या.

टर्बोच्या या उशिराचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो, कारखान्याच्या भाषेत ९३०. तीन लिटरचं इंजिन, २६० हॉर्सपॉवर. आजच्या मानाने काहीच नाही. पण इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे, एकच मोठा टर्बो आणि चारच गिअर. वळणाच्या मध्यावर दाबलेला पाय वळण संपताना उत्तर द्यायचा. घाबरून पाय काढला की वजन पुढे, मागची चाकं हलकी आणि इंजिनचं लटकलेलं वजन लंबकासारखं बाहेर. दाबला तरी फिरायची, सोडला तरी फिरायची. आजच्या टर्बो इंजिनांत हा उशीर फार कमी झाला आहे, पण शून्य झालेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे घाईकडे. वर जो ९३० किलोचा आकडा सांगितला, तो वजन मागे पोचल्यानंतरचा आहे. ते लगेच पोचत नाही. स्प्रिंग दबायला, शॉक ॲब्सॉर्बरला हलायला, गाडीचं नाक उचलून शेपूट बसायला सेकंदाचे काही दशांश लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही पूर्ण जोर मागितलात तर चाकांना तो ७५० किलोच्या पकडीवर पेलावा लागतो. आणि चाकं सुटली की आणखी वाईट होतं: गाडी जोराने पुढे जात नाही, म्हणून वजन मागे यायचं थांबतं, म्हणून पकड वाढत नाही, म्हणून चाकं आणखी फिरतात. हिसका दिलात की या चक्रात अडकता. दाब हळूहळू वाढवलात तर चक्र उलटं चालतं. थोडा जोर, थोडं वजन मागे, थोडी जास्त पकड, त्यावर आणखी थोडा जोर. काठोकाठ भरलेली बादली उचलून चालायला लागताना पहिलं पाऊल आपण जसं टाकतो, तशी पेडलची पहिली दोन सेंटीमीटर दाबायची. त्यानंतर पाय बराच मोकळा होतो.

याची एक साधी शारीरिक युक्ती आहे आणि ती मी प्रत्येकाला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. टाच जमिनीवर घट्ट टेकवा आणि पेडल घोट्यातून दाबा, गुडघ्यातून नाही. सीट इतकी मागे असेल की टाच उचलावी लागते, तर सीट पुढे घ्या. गुडघ्यातून दाबणारा पाय रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर पेडलवर नाचतो.

वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आणि पेडल ही तागडीची दोन पारडी समजा. स्टिअरिंग जेवढं सरळ होईल तेवढंच पेडल खाली जाईल. स्टिअरिंग अजून वळवलेलंच आहे आणि पाय खाली चालला आहे, असं झालं तर मघाच्या घर्षणवर्तुळातून कुठलं तरी एक टायर बाहेर पडणारच. बहुतेक लोकांचा पाय हातांच्या आधी सुटतो, कारण नजर आधीच सरळ रस्त्यावर पोचलेली असते.

पेडलच्या प्रामाणिकपणाबद्दलही थोडं. आजकाल पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये तार नसते, कॉम्प्युटर असतो. स्पोर्ट मोडमध्ये अनेक गाड्या पेडलच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातच अर्ध्याहून जास्त टॉर्क देऊन टाकतात, गाडी चपळ वाटावी म्हणून. शोरूममधून पहिल्यांदा बाहेर पडताना ते छान वाटतं. ओल्यात मात्र पायाच्या एका मिलिमीटरची किंमत दुप्पट होते. पावसाचा किंवा कम्फर्टचा मोड निवडा. ते काही भित्र्यांचं बटण नाही. तेवढ्याच टॉर्कसाठी पायाला जास्त लांब पट्टी मिळते आणि लांब पट्टीवर बारीक मापं घेता येतात. ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक सापळा आहे, किकडाउन. वळणात असताना पाय एका मर्यादेपलीकडे गेला की गिअरबॉक्स चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो आणि चाकावरचा जोर तुम्ही न मागता दुप्पट होतो. म्हणून वळणाआधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर निवडा आणि मॅन्युअल मोडमध्ये राहा.

आता त्या लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल, कारण त्याच्यावर तुमचा राग दिसतो.

ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांच्या वेगाच्या सेन्सरवर चालतो. हे तेच सेन्सर जे एबीएससाठी (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) लागतात. बॉशचा इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९७८ साली आला, ट्रॅक्शन कंट्रोल ऐंशीच्या दशकात, आणि गाडी फिरू लागल्याचं ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारा ईएसपी १९९५ मध्ये, पुन्हा एस-क्लासमध्येच. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या यंत्रणेची एक सोय असते. पुढच्या चाकांना इंजिन फिरवत नाही, त्यामुळे ती गाडीचा खरा वेग सांगतात. मागची त्यांच्यापेक्षा किती जोरात फिरतात, त्यावरून घसरण्याचं प्रमाण लगेच मिळतं.

थोडं घसरणं वाईट नाही, हे इथे सांगायला हवं. टायर रस्त्याला सर्वात जास्त जोराने धरतो तो अजिबात न घसरताना नाही, तर चाक गाडीपेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त वेगाने फिरत असताना. गाडी ५० ने जातेय आणि चाक ५५–५७ ने, ही सरळ रेषेतली उत्तम स्थिती. त्यापुढे पकड उतरू लागते आणि बाजूची पकड तर त्याच्या आधीच ओसरायला लागलेली असते. म्हणून सरळ जाताना चाक सुटलं तर नुसता आवाज आणि धूर. वळताना सुटलं तर शेपूट बाहेर.

दिवा लागतो तेव्हा कॉम्प्युटर आधी स्पार्क थोडा उशिरा पाडतो किंवा एखाद्या सिलिंडरचं इंधन तोडतो, कारण ते मिलिसेकंदांत होतं. थ्रॉटल (हवेची झडप) बंद करणं त्यामानाने संथ, कारण आत शिरलेली हवा तर जळणारच. जोडीला सुटलेल्या चाकाला ब्रेक. तुम्हाला जाणवतं ते ‘मेलं आणि परत उसळलं’ हे यामुळेच. पण एक लक्षात घ्या: ही यंत्रणा चूक झाल्यानंतर जागी होते. चाक सुटल्याशिवाय तिला काही कळत नाही. तुमचा पाय मात्र आधीच जागा असू शकतो. दिवा वारंवार लागतोय याचा अर्थ यंत्रणा आडवी येतेय असा नाही. तुमच्या पायाची प्रत्येक चूक ती मोजून दाखवतेय, आणि असा फुकटचा शिक्षक बंद करून काय मिळणार?

ट्रॅक्शन कंट्रोलशिवायच्या गाड्यांबद्दल खूप रम्य बोललं जातं. १९९२ ची डॉज व्हायपर आठ लिटरच्या व्ही-१० सह ४०० हॉर्सपॉवर घेऊन आली, एबीएसही नाही आणि ट्रॅक्शन कंट्रोलही नाही. ती गाडी आवडणाऱ्यांत मीही आहे. पण तिचं इंजिन टर्बोविना होतं, पाय आणि टॉर्क यांच्यात लांब, सरळ नातं होतं. तिथे पायाने शिकता यायचं. ५०० न्यूटन-मीटर दोन हजार आरपीएमवर ओतणाऱ्या टर्बो गाडीत ते शिक्षण फार महाग पडतं. फॉर्म्युला वनमध्ये २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला पुन्हा बंदी आहे, हा दाखला मला नेहमी दिला जातो. त्या चालकांना टायर गरम करण्यासाठी आधी एक अख्खी लॅप मिळते, आणि चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते. चौकात तुमच्या बाजूला स्कूटर असते.

सार्वजनिक रस्त्यावर बटण दाबून यंत्रणा पूर्ण बंद करू नका, कधीच. ट्रॅकवर मधला मोड वापरा. अनेक स्पोर्ट्स गाड्यांत पायऱ्या मिळतात: मर्सिडीज-एएमजी जीटी आर मध्ये नऊ पायऱ्यांची फिरकी, बीएमडब्ल्यूच्या नव्या एम३–एम४ मध्ये दहा पायऱ्या. एकेक पायरी खाली उतरा, आणि दिवा लागणं जवळजवळ थांबल्याशिवाय पुढची उतरू नका.

डिफरन्शियल. साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क मिळतो, म्हणून कमजोर चाक जेवढं पेलतं तेवढंच बलवान चाकालाही मिळतं. वळणात आतलं चाक हलकं होतं, ते आधी सुटतं आणि गाडी जागेवर फुसफुसते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू देत नाही, बाहेरच्या भारलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क पाठवतो आणि बाहेर पडताना गाडी खरोखर पुढे झेपावते. मग हरकत काय? हरकत अशी की ओपनमध्ये आतलं चाक सुटलं तरी बाहेरचं चाक रस्ता धरून असतं आणि शेपूट बऱ्यापैकी जागेवर राहतं. लिमिटेड स्लिपमध्ये मर्यादा उशिरा येते, पण येते तेव्हा दोन्ही चाकं एकदम सुटतात. तुमच्या आजच्या पायाला तो बसवला तर सरकणं कमी वेळा होईल आणि मोठं होईल. शिवाय इतक्या ताकदीच्या बहुतेक गाड्यांत तो कारखान्यातूनच असतो, यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक. आधी मॅन्युअल उघडून बघा. मागे आधीच असलेली वस्तू परत विकत घेणारे लोक मला भेटले आहेत.

रुंद टायर तर ओल्यात उलटे पडतात. तेवढंच वजन जास्त रुंद पट्ट्यावर पसरलं की टायरला पाणी बाजूला सारायला जास्त कष्ट पडतात आणि तो कमी वेगावर पाण्यावर तरंगू लागतो. त्यात मागच्या टायरचा घेर मूळ मापापेक्षा बदलला, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करणारी तीच ट्रॅक्शनची यंत्रणा गोंधळते. टायरवर पैसे घालायचेच असतील तर रुंदीवर घालू नका, नवेपणावर घाला.

यात मी स्वतः एकदा सपशेल तोंडावर पडलो आहे. थंड सकाळ, गाडी तासभर उभी, ट्रॅकसाठीचे अर्धे-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचे टायर. शिकणारा शेजारी बसलेला, मी त्याला ‘पहिली लॅप टायर गरम करायची’ हे समजावत पिट लेनमधून बाहेर पडलो. बोलता बोलता पाय बोलण्याच्या वेगाने गेला. दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ सरळ रस्त्यावर गाडी दीड वेळा फिरून गवतात उभी राहिली, तोंड पिटकडे. टायरवरची नक्षी फारशी झिजलेली नव्हती. नंतर बाजूचा कोड वाचला तर टायर सहा वर्षांचे. रबर कडक होत जातं ते नुसत्या किलोमीटरवर नाही, वयावरही, आणि स्पोर्ट्स गाड्या कमी चालतात म्हणून त्यांचे टायर दिसायला नवे आणि आतून म्हातारे असतात. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर असंही आखडतं. शिकणाऱ्याने पुढच्या सगळ्या लॅप इतक्या नाजूक पायाने मारल्या की मला काही सांगावंच लागलं नाही.

चाक सुटलंच तर काय करायचं?

पाय झटक्याने काढायचा नाही. झटक्याने काढला की वजन पुढे पळतं, इंजिनचं ब्रेकिंग मागच्या चाकांना मागे खेचतं आणि आधी जास्त ताकदीने सुटलेलं चाक आता उलट्या कारणाने सुटतं. पाय थोडा मागे घ्या, चाकाला रस्ता परत सापडेल एवढाच. त्याच वेळी नजर जायचंय तिकडे. हात नजरेच्या मागोमाग जातात. दुभाजकाकडे बघाल तर दुभाजकावर जाल. शेपूट उजवीकडे निघालं तर स्टिअरिंग उजवीकडे. पुढची चाकं बहुतेक वेळा स्वतःच तिकडे वळू पाहतात, तुम्ही पकड सैल करून स्टिअरिंग हातातून सरकू दिलं तरी अर्धं काम होतं. खरी गफलत याच्यापुढे होते: शेपूट परत येऊ लागलं तरी माणूस उलटं वळवलेलं स्टिअरिंग धरूनच बसतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोराने फेकली जाते. पहिलं सरकणं क्वचितच अपघात करतं, हा दुसरा हेलकावा करतो. म्हणून शेपूट थांबलं असं जाणवताक्षणी स्टिअरिंग सरळ करायला सुरुवात करा, परत आल्यावर नाही. आणि गाडी आता हाताबाहेर गेली हे स्पष्ट झालं तर ब्रेक पूर्ण दाबा, मॅन्युअल असेल तर सोबत क्लचही. वाचवण्याचा हट्ट धरून समोरच्या लेनमध्ये परत उगवण्यापेक्षा ते बरं.

मॅन्युअल चालवणाऱ्यांसाठी एक वाक्य: ओल्यात खालचा गिअर टाकताना रेस जुळवून घेतली नाही, तर क्लच सुटताच मागची चाकं क्षणभर ब्रेक लागल्यासारखी अडतात आणि वळणात शिरतानाच शेपूट निघतं. याला ताकद लागतच नाही.

सराव असा करा. मोकळी, बंद जागा किंवा ट्रॅकचा ओला स्किडपॅड (घसरण्याच्या सरावाचं मोकळं मैदान) घ्या. सगळ्या यंत्रणा चालू ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, ताशी ३० वरून ७० पर्यंत जा, अट एकच: दिवा लागता कामा नये. तो न लागता लवकरात लवकर कसं जाता येईल ते शोधा. मग तेच दुसऱ्या गिअरमध्ये. मग मोठ्या वळणातून बाहेर पडताना. शेवटी उलटा खेळ, दिवा नुसता एकदा लुकलुकेल एवढंच दाबायचं, सलग दहा वेळा. हे जमलं की मर्यादा कुठे आहे हे दिव्याऐवजी सीट सांगू लागते. मांड्यांखाली गाडी एक बोटभर बाजूला सरकल्याचं जाणवतं आणि पाय तुम्हाला न विचारता थांबतो. माझ्याकडे येणाऱ्यांना याला साधारण दोन दुपारी लागतात.

एवढं करूनही ताशी ३० वर, तिसऱ्या गिअरमध्ये, शांत पायाने शेपूट सरकत राहिलं, तर मात्र दोष गाडीत शोधायचा. मागच्या सस्पेन्शनचे रबरी बुश झिजले की जोर पडताच चाक बाहेरच्या बाजूला तोंड करतं आणि गाडी स्वतःच वळू लागते. चाकांचं अलाइनमेंट उभ्या गाडीवर मोजताना हे कधी कधी दिसतही नाही, बुश हाताने हलवून बघावे लागतात. गाडी निघताना मागून धडधड उड्या मारल्यासारखा आवाज येत असेल तर चाक सुटणं-पकडणं वेगाने होतंय, तेव्हा पाय ताबडतोब पूर्ण काढा, ॲक्सलचे शाफ्ट त्यात तुटतात. पण सगळ्यात आधी, आजच, टायरचा दाब थंड असताना मोजा आणि टायरच्या बाजूवरचा चार अंकी कोड वाचा. पहिले दोन अंक आठवडा, शेवटचे दोन वर्ष. गाडी जुनी घेतली असेल तर या चार अंकांतच अर्धं उत्तर निघू शकतं.